जुन्या साच्यावरची कवळी

चेहरा बघून माणूस ओळखणारे गल्लोगल्ली भेटतात. तिला चेहराही लागायचा नाही. कुणाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा हातात दिला, की ती तो उलटसुलट करून बघायची आणि सांगायची, हे गृहस्थ उजव्या बाजूने चावतात, झोपेत दात खातात आणि डॉक्टरांचं एक अक्षर ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणायचे, शेवटचं कसं ओळखलंस? ती म्हणायची, पहिल्या दोन गोष्टींबद्दल तुमचं ऐकलं असतं तर साचा असा दिसला नसता.

ती कवळ्या करायची. बावीस वर्षं तेच काम. मेणात एकेक दात बसवायचा, सुरीने हिरडी कोरायची, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतायचं, घासायचं, चमकवायचं. गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. तिच्यासमोर हसताना लोक नकळत तोंडावर हात धरत, कारण ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचीच नाही, तिची नजर चार बोटं खाली असायची.

गावातल्या लॅबचे मालक काका. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक गॅसची शेगडी, एक पॉलिशचं मशीन आणि खिडकीपाशी तिचं स्टूल. तिथे ती अठरा वर्षं बसली. मग मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी तिच्या हातची कवळी कुणाच्या तरी तोंडात पाहिली आणि शोधत शोधत फोन केला. पगार सांगितला तो इथल्या तिप्पट. ऐकून तिचीच दातखिळी बसायची वेळ आली.

दात तेच, मेण तेच, हात तोच. मध्ये अकरा तासांची बस आली, की त्याच हाताची किंमत तिप्पट कशी होते, हे तिने नवऱ्याला विचारलं. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. रोज वीस नवशिक्यांच्या शेजारी बसून त्याच्या अंगात अशी शांती मुरली होती, की घराला आग लागली असती तरी तो आधी आरशात बघून मग उठला असता.

"तिकडे भाडी जास्त, म्हणून पगार जास्त," तो म्हणाला.

"आणि भाडी का जास्त?"

"पगार जास्त म्हणून."

ती गेली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, नवरा खंबीर होता आणि आबा, म्हणजे तिचे वडील, आई गेल्यापासून तिच्याकडेच राहत होते. तिच्या पगारातून नवऱ्याची स्वतःची शिकवायची गाडी आली, दोन्हीकडे ब्रेक असलेली. मुलगी चांगल्या शाळेत गेली. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरातलं कुणीतरी नक्की परगावी नोकरीला असणार.

जाताना तिने बॅगेत एक चमत्कारिक वस्तू भरली. बायका घरच्यांचे फोटो नेतात. तिने टॉवेलात गुंडाळून आबांच्या जबड्याचा साचा नेला.

आबांची आणि त्या साच्याची गोष्ट अशी. आबा गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत. क्लॅरिनेटवाल्याचे वरचे दात म्हणजे त्याचा अर्धा बाजा, कारण ते वाद्यावर टेकवल्याशिवाय सूर निघत नाही. साठीनंतर आबांचे दात एकापाठोपाठ एक निघाले आणि वाद्य पेटीत गेलं. आबा महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. तेव्हा तिने त्यांची कवळी केली. साधी नाही, वाजवायची. कारण पुढच्या दातांवर वाद्याचा रेटा आला, की साधी कवळी मागून सुटते. तिने अकरा वेळा ती घासली, आबांनी अकरा वेळा फुंकून बघितलं. अकराव्या वेळी असा स्वच्छ सूर निघाला, की खालचा शिंपी जिना चढून वर आला. तिच्या बावीस वर्षांच्या कामात त्या सुराइतकी मोठी शाबासकी तिला दुसरी मिळाली नव्हती.

तो साचा शहरातल्या खोलीत तिच्या पलंगाजवळ होता. खोलीत आणखी दोन नर्स राहायच्या. आधी त्या घाबरल्या, मग त्यातली एक त्याच्या सुळ्याच्या जागी केसांचा रबर अडकवून ठेवू लागली. खोलीला खिडकी आहे असं तिने घरी सांगितलं होतं. ते खरंही होतं. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची, एवढं मात्र सांगायचं राहिलं होतं.

वर्षातून दोनदा चार-चार दिवस ती घरी यायची. त्या चार दिवसांत सगळे जण आपापलं उत्तम रूप काढून ठेवत. मुलगी भांडत नसे, नवरा पालेभाजी खाई, आबा दाढी करून बसत. आबांच्या टेबलावर छोटे गोल पत्र्याचे डबे असायचे, क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या वेताच्या पत्त्या ठेवायचे असावेत असं तिला वाटे. दर खेपेला एखादा डबा वाढलेला असे. छान डबे आहेत, असं ती एकदा म्हणालीसुद्धा होती.

दोन महिन्यांपूर्वी आबांची कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. आणि नेमकं त्याच वेळी बँडला पन्नास वर्षं होत होती. बागेतल्या गोल चौथऱ्यावर रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठरला होता आणि सुरुवातीला एकट्याने वाजवायचा तुकडा आबांकडे आला होता. जुन्या वाजवणाऱ्यांत तोच एक तुकडा असा होता, ज्यासाठी सगळ्यांनी एकमताने एकाच माणसाचं नाव घेतलं.

"तू काळजी करू नकोस," आबा फोनवर म्हणाले. कवळीशिवाय त्यांचं बोलणं पिठात कालवल्यासारखं येत होतं. "इथे काका करून देतील."

काका करून देतील, हे तिला झोंबलं. "आबा, तुमचा जबडा मला पाठ आहे. साचा माझ्याकडे आहे. मीच करणार."

आता, शहरातल्या लॅबच्या भिंतीवर एक पाटी होती: सहा महिन्यांपेक्षा जुन्या साच्यावर कवळी करू नये, हिरडी बदलते. पाटीवरचं अक्षर तिचंच. मागच्याच महिन्यात एका सहकाऱ्याने आठ महिन्यांचा साचा वापरला, तेव्हा तिने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. प्रत्येक साच्याच्या बुडाला पेन्सिलीने तारीख लिहायची, हा नियमही तिचाच. आबांच्या साच्याच्या बुडाला तारीख होती. चार वर्षांपूर्वीची. ती तिने वाचली नाही असंही नाही. आबांना तो नियम लागू होतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आबा म्हणजे आबा. ते कुठे बदलणार?

आठ दिवस काम संपल्यावर बसून तिने कवळी केली. पार्सलने पाठवली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अशी बसलीय," आबा म्हणाले, "की काढताना मलाच वाईट वाटतं."

तिला दोन दिवस जमिनीला पाय टेकवावेसे वाटेनात. नंतर व्हिडिओवर आबा दिसले, तर तोंडाभोवती मफलर. घसा धरलाय, म्हणाले. पुढच्या खेपेलाही घसा. त्यानंतर आबा फोनवर येताना पाठमोरेच दिसू लागले, काहीतरी शोधत असल्यासारखे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं निरखणाऱ्या बाईला घरच्या तोंडाभोवतीचा मफलर दिसला नाही.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी तिला बोलावून लॅबची प्रमुख केलं. पगार आणखी वाढणार होता. अट एकच, तीन वर्षांचा करार. "सोमवारी सही करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. तिने तीन दिवसांची रजा मागून घेतली. गुरुवारी पोचायचं, कार्यक्रम ऐकायचा, प्रमुख झाल्याची बातमी द्यायची आणि रविवारी कार्यक्रम उरकताच बसने परत. येणार आहे हे तिने घरी कळवलं नाही. सगळ्यांना चकित करायचं होतं.

गुरुवारी सकाळी तिने दार ढकललं, तेव्हा आबा टेबलाशी बसून चहात पाव बुडवून चमच्याने खात होते. गाल आत गेलेले, ओठ दुमडून तोंडात नाहीसे झालेले. तिला बघताच त्यांनी चमचा टाकला आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

"कवळी कुठे आहे?" तिने विचारलं. बॅग अजून खांद्यावरच होती.

आबांनी मान वळवली. भिंतीवरच्या फळीवर, घड्याळाच्या शेजारी, काचेच्या बरणीत तिची कवळी ठेवली होती. पाणी स्वच्छ, कवळी चकचकीत, कुणीतरी रोज पाणी बदलत असल्यासारखी.

"दाखवायची आहे ती," आबा हातांआडून म्हणाले. "खायची नाही."

मुलगी आतून आली, आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि "मला शाळेला उशीर होतोय" असं म्हणत दप्तर न घेताच निघाली. तिला दारात अडवून परत आणलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. कवळी पहिल्या दिवसापासून बसत नव्हती. वरची घातली की जिभेवर पडायची. क्लॅरिनेट लावलं की मागून सुटून टकटक वाजायची. आणि जुनी कवळीसुद्धा दोन वर्षं पावडरने चिकटवूनच चालली होती. ते छान गोल डबे त्या पावडरचे होते.

"मला का नाही सांगितलं?" तिने आतून बाहेर आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"आबांनी शपथ घातली," नवरा म्हणाला. "आणि सांगितलं असतं तर तू आली असतीस. तुझी रजा, तुझा पगार. इथे प्रत्येकाचाच पाय ब्रेकवर होता."

"आणि कार्यक्रमाचं काय ठरवलं होतं?"

"शनिवारी माझा घसा जाणार होता," आबा म्हणाले. "मग तो तुकडा ट्रम्पेटवाला वाजवेल. तो तयारी करतोय." एवढं बोलून ते पावाकडे बघत बसले. ट्रम्पेटवाल्याशी त्यांचं तीस वर्षं पटत नव्हतं, आणि त्याला तो तुकडा आपण होऊन द्यायला ते तयार झाले होते, हे ऐकल्यावर गोष्ट कुठवर गेली आहे ते तिला कळलं. त्यांनी तिच्या कवळीला नावं ठेवण्यापेक्षा क्लॅरिनेट सोडायचं ठरवलं होतं.

तिने हात धुतले.

"तोंड उघडा."

"आता जाऊ दे ना पोरी. लांबून आलीस, चहा घे."

"आबा, तोंड."

त्यांनी उघडलं. तिने अंगठा खालच्या हिरडीवर ठेवला आणि हळूहळू मागे नेला. बावीस वर्षांत असे हजार जबडे तिच्या अंगठ्याखालून गेले होते. आबांची हिरडी तिच्या अंगठ्याला अजून आठवत होती, उंच, पक्की, बांधासारखी. आता तिथे काही उंच नव्हतंच. वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीवरून बोट फिरवावं, तसा तिचा अंगठा सरळ मागे गेला. तिला रडू आलं. तोंडात तिचा अंगठा असल्यामुळे आबांना समजूतही घालता येईना. ते नुसते डोळ्यांनी नाही नाही म्हणत राहिले.

दुपारपर्यंत माप घेऊन झालं. मुलीने वाडगा धरला, आबांना उमासे आले, नवऱ्याने "नाकाने श्वास घ्या, घाई नाही, समोर बघा" असं शिकवायच्या गाडीतलं बोलणं चालू ठेवलं. ओला साचा घेऊन ती शिंप्याच्या जिन्यावरून काकांच्या लॅबमध्ये गेली.

"ये," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "स्टूल तिथेच आहे. पगारही तोच आहे. दोन्हीला कुणी हात लावलेला नाही."

साचा वाळल्यावर तिने शहरातून पाठवलेली कवळी त्यावर ठेवून बघितली. ती डुगडुगली. खालून उजेड दिसत होता. कवळी वाईट नव्हती, उलट आजवर केलेल्यांत सगळ्यांत देखणी तीच होती. प्रत्येक दात जिथे हवा तिथे. फक्त ज्या माणसासाठी ती केली, तो माणूस चार वर्षांपूर्वीचा होता. त्या चार वर्षांत ती त्यांना मोजून बत्तीस दिवस भेटली होती.

"काका, आबा तुमच्याकडे आले नव्हते?"

"आले होते ना. दोन वर्षांपूर्वी, जुनी सैल झाली तेव्हा. मी म्हटलं, नवीन करून देतो. म्हणाले, नको, पोरीला वाईट वाटेल." काकांनी तिच्यापुढे स्पिरिटचा दिवा सरकवला. "मीही मग गप्प बसलो. म्हटलं, तुमच्या घरच्या दातांत आपण कशाला बोट घालायचं."

शुक्रवार आणि शनिवार ती त्या स्टुलावर बसली. खाली शिंप्याची मशीन चालू, वर मेणाचा वास. शहरातल्या लॅबमध्ये दुपारी जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचं असे. इथे एकला मुलगी डबा घेऊन आली आणि मेणातले दात मोजत बसली. दीडला नवरा शिकवायच्या गाडीतून आला आणि त्याच्या शेजारचा नवशिका खाली गाडीतच घाम पुसत राहिला. शनिवारी संध्याकाळी आबा क्लॅरिनेट घेऊन जिना चढले. नवीन कवळी घालून फुंकलं. चिरका सूर. तिने घासली. पुन्हा फुंकलं. पुन्हा घासली. सहाव्या वेळी शिंप्याची मशीन थांबली.

"या वेळी पाच वेळा कमी लागल्या," आबा म्हणाले.

रात्री जेवताना तिने प्रमुख झाल्याची बातमी दिली. तीन वर्षांचा करारही सांगितला. सगळ्यांनी कौतुक केलं. मुलीने टाळी वाजवली, ती एकच वाजली. नवरा पाण्याचा पेला फिरवत म्हणाला, "तुला वाटेल ते कर. मला सकाळी शिकणाऱ्यांच्या दोन तुकड्या आणखी घेता येतील, एवढंच तुला माहीत असावं म्हणून सांगतो. गाडी आता आपलीच आहे." आबा नव्या दातांनी काकडी खात होते. कुरकुर असा आवाज त्या घरात बऱ्याच दिवसांनी येत होता.

रविवारी संध्याकाळी बाग भरली होती. तिची बॅग बाकाखाली होती, बस साडेसातची. आबा चौथऱ्यावर पुढे आले. जुना गणवेश पोटावर घट्ट आणि खांद्यांवर सैल झाला होता. आबांनी ओठ जुळवले, वाद्य वर उचललं, आणि तो तुकडा सुरू झाला.

तिला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. ती आबांचे गाल बघत होती. वरच्या उंच सुराला कवळी मागून सुटली असती तर गाल किंचित थरथरला असता. तो थरथरला नाही. लांबलचक सूर संपेपर्यंत तो तसाच राहिला. मागे ट्रम्पेटवाला दातओठ खात उभा होता, आणि त्याचे सगळे दात स्वतःचे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ती वाजवायची विसरली.

कार्यक्रमानंतर आबा बाकावर तिच्याजवळ येऊन बसले आणि क्लॅरिनेटचे भाग सुटे करून फडक्याने पुसू लागले. नवरा गाडी आणायला गेला होता. मुलगी बॅगेचा पट्टा हातात धरून उभी होती.

"फर्स्टक्लास बसलीय," आबा म्हणाले. मग स्वतःच हसले. "या वेळी खरं. किती दिवस चालेल?"

हा प्रश्न तिला हजारांनी विचारला होता आणि उत्तर तोंडात तयार असायचं. "वर्षाने दाखवायला यायचं. हिरडी बदलते. भर घालावी लागते."

"बरं," आबा म्हणाले. वाद्याचा शेवटचा भाग पुसून त्यांनी पेटीत ठेवला. पेशंट जसा डॉक्टरांना विचारतो, तितक्याच साधेपणाने त्यांनी विचारलं, "दाखवायला यायचं कुठे? इथे, की तिकडे?"

मुलीने पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बागेच्या फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली आणि नवऱ्याने एकदाच, अगदी हळू, हॉर्न वाजवला.

"आबा, हसा बघू," ती म्हणाली.

आबा हसले. ती वाकून जवळ गेली आणि नेहमीसारखी डोळ्यांच्या चार बोटं खाली बघत राहिली.

"डावा सुळा जरा उंच राहिलाय. उद्या सकाळी काकांकडे या, घासून देते."

"उद्या सोमवार," आबा म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि मुलीच्या हातातून बॅग घेऊन पुन्हा बाकाखाली सरकवली.